चित्रांचा जमाखर्च

दूरचित्रवाणीवर हवामानाचा अंदाज सांगणारी निवेदिका कोकणपट्टीवरून हात फिरवते, अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्याकडे बोट दाखवते आणि आपण चहाचा कप खाली ठेवून उद्या छत्री न्यायची की नाही हे ठरवून टाकतो. खरे म्हणजे पुष्कळदा तिच्या मागे नकाशा नसतोच. असते ते एक हिरवे कापड, नाही तर हिरव्या रंगाने रंगवलेली भिंत. रत्नागिरी कुठे आणि नागपूर कुठे हे तिला बाजूच्या मॉनिटरकडे तिरक्या नजरेने पाहून ठरवावे लागते. हिरवी साडी नेसायची तिला सोय नाही. नेसलीच तर साडीच्या जागी ढग दिसतील आणि त्या ढगांवर नुसते बोलणारे मस्तक तरंगेल!

लग्नाच्या व्हिडिओवाल्यांचा ताप आणखी वेगळा. नवरीला हिरव्या पडद्यापुढे उभे करून मागे स्वित्झर्लंड दाखवायला जावे, तर तिच्या हातातल्या हिरव्या चुड्याच्या जागी आल्प्सचा बर्फ दिसू लागतो. चुडा उतरवून ठेवा, असे मराठी नवरीला सांगण्याची कोणाची छाती आहे? मग बिचारा निळा पडदा शोधत फिरतो.

दोन वेगळी चित्रे एकमेकांत अशी बसवायची की ती एकच वाटावीत, या कामाला त्या धंद्यात ‘कॉम्पोझिटिंग’ म्हणतात. आपण त्याला चित्रांची जोडणी म्हणू. ही जोडणी पूर्वी चित्रपटांच्या प्रयोगशाळेत होई आणि तिला दिवसच्या दिवस लागत. आज ती आपल्या खिशातल्या फोनमध्ये होते, सेकंदाच्या तिसाव्या भागात होते आणि समोरचा माणूस आपल्याशी बोलत असतानाच होते. एवढ्या एका फरकाने ‘मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले’ या वाक्याचा भाव उतरला आहे.

मी काही संगणकतज्ज्ञ नव्हे. तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढली. दिवसा लोकांचे खोटे पकडायचे आणि रात्री घरी येऊन कादंबरीत खरे वाटेल असे खोटे लिहायचे, असा माझा दुहेरी व्यवसाय. निवृत्तीनंतर आम्ही काही जुने सहकारी महिन्यातून एकदा भेटतो. गुडघेदुखी आणि मुदत ठेवींचे व्याजदर हे तिथले कायमचे विषय. अलीकडे त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. ‘व्हिडिओ कॉलवर पोलीस ठाणे दिसत होते, गणवेशातले साहेब दिसत होते, मग ते खोटे कसे?’ या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही. माझी पुतणी पुण्यात व्हिडिओसाठी लागणारे सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करते. तिच्यापुढे वही-पेन्सिल घेऊन बसलो. जे उमगले ते बँकेतल्या माणसाच्या भाषेत सांगतो, कारण हा सारा मामला शेवटी हिशेबाचाच आहे.

तिकीट काढून पाहिलेले खोटे

चित्रांची जोडणी मराठी माणसाला नवी नाही. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवणारे दादासाहेब फाळके छायाचित्रकार होते, मुद्रक होते आणि जादूचे प्रयोगही करत. त्या काळाची मुख्य युक्ती म्हणजे एकाच फिल्मवर दोनदा चित्रण. चौकटीचा एक भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकायचा आणि उरलेला टिपायचा. मग फिल्म मागे फिरवायची, आधी टिपलेला भाग झाकायचा, झाकलेला उघडायचा आणि पुन्हा कॅमेरा फिरवायचा. पुठ्ठ्याखालच्या भागावर प्रकाश पडलेलाच नसे, त्यामुळे तो दुसऱ्या चित्रासाठी कोरा राही. जोडणीचे मूळ तत्त्व इथेच आले: पहिल्याने दुसऱ्यासाठी जागा सोडायची.

पुढे ‘प्रभात’च्या दामले-फत्तेलाल जोडीने ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) तुकोबांचे वैकुंठगमन दाखवले आणि ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये (१९४०) भिंत चालवली. लोकांनी थिएटरात हात जोडले. ही करामत आहे हे त्यांना कळत नव्हते असे थोडेच? पण तिकीट काढतानाच त्यांनी त्या करामतीला मान्यता दिलेली होती. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

त्याच १९४० साली ‘द थीफ ऑफ बगदाद’ हा इंग्रजी चित्रपट आला. त्यातला पोरगेला नायक साबू हा म्हैसूर संस्थानात जन्मलेला. या चित्रपटात लॅरी बटलर यांनी पात्रांना निळ्या पडद्यापुढे उभे केले आणि रंगीत फिल्मवर तो निळा वेगळा काढून त्या जागी दुसरे दृश्य बसवले. त्या वर्षीचे दृश्यचमत्कारांचे ऑस्करही या चित्रपटाला मिळाले. निळा का? तर माणसाच्या कातडीत, मग ती गोरी असो वा सावळी, निळ्याचा अंश सर्वांत कमी. तरीही केसांच्या बटा, धूर आणि काच यांच्यापाशी ही युक्ती अडखळे. बटेच्या कडेला निळसर रेघ उरायची. ‘बेन-हर’ (१९५९) या चित्रपटासाठी पेट्रो व्ह्लाहोस यांनी प्रश्नच बदलला. ‘हा भाग निळा आहे का?’ असे न विचारता ‘याच्यात निळा रंग इतर रंगांपेक्षा किती जास्त आहे?’ असे त्यांनी विचारले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही. दुसऱ्याचे उत्तर आकडा. आकडा आला की अर्धवट गोष्टींचाही हिशेब लागतो, आणि केस, धूर, काच यांच्या कडा अर्धवटच असतात.

डिजिटल कॅमेरे आल्यावर निळ्याची जागा बहुतेक ठिकाणी हिरव्याने घेतली. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांना १९७६ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, ती आजही बहुतेक कॅमेऱ्यांत असते. तिच्यात प्रकाश टिपणाऱ्या घरांपैकी निम्मी हिरव्यासाठी आणि पाव-पाव लाल व निळ्यासाठी राखलेली असतात. म्हणजे हिरव्याची नोंद सर्वांत तपशीलवार. जिथे नोंद चांगली, तिथे वजाबाकी चोख.

चौथा रकाना

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. त्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलच्या नावे तीन रकाने: लाल, हिरवा, निळा. प्रत्येकात ० ते २५५ पर्यंतचा आकडा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमल आणि अ‍ॅल्व्ही रे स्मिथ यांनी याला चौथा रकाना जोडला आणि त्याचे नाव ठेवले ‘अल्फा’. या पिक्सेलची किती जागा वस्तूने व्यापली आहे आणि किती मागच्यासाठी सोडली आहे, हे तो सांगतो. फाळक्यांच्या काळातला काळा पुठ्ठा आता आकडा झाला. १९८४ साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी या रकान्याचे संपूर्ण बीजगणित एका निबंधात मांडले. या चौघांना १९९६ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तांत्रिक पुरस्कार दिला.

हे बीजगणित कुठल्याही कारकुनाला समजेल असे आहे. समजा, एका पिक्सेलमध्ये केसाची बट ४० टक्के जागा अडवून आहे आणि उरलेल्या ६० टक्क्यांतून मागचे आकाश दिसते आहे. केसाचा उजेड ४०, आकाशाचा २००. मग ४० चे ४० टक्के म्हणजे १६, आणि २०० चे ६० टक्के म्हणजे १२०. बेरीज १३६. तो आकडा पडद्यावर गेला की बट आकाशात मिसळून जाते, कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसत नाही. खाते संपले.

पोर्टर आणि डफ यांची आणखी एक सूचना मला फार आवडली. केसाचे ४० टक्के दर वेळी नव्याने का काढायचे? ते आधीच काढून ठेवावेत, म्हणजे वहीत ४० ऐवजी थेट १६ लिहावेत. बँकेत बिल वटवताना आपण व्याज आधीच कापून घेतो, तसेच हे. मग पुढचा माणूस फक्त मागच्या चित्राची वजावट करतो आणि मिळवतो. लाखो पिक्सेलमागे एकेक गुणाकार वाचला तरी केवढी बचत!

या हिशेबात क्रमाला मात्र फार महत्त्व. आधी भरणा जमा झाला आणि मग चेक आला तर चेक वटतो. आधी चेक आला तर तो परत जातो, मग दुपारी भरणा होऊन काय उपयोग? तसेच इथे. निवेदिका नकाशावर आणि नकाशा निवेदिकेवर, या दोन बेरजांचे उत्तर एक येत नाही.

आणखी एक खोच आहे. फाईलमध्ये लिहिलेले आकडे म्हणजे थेट उजेडाचे माप नसते. डोळ्याला अंधारातले बारकावे जास्त कळतात, म्हणून ते आकडे मुद्दाम वाकवून लिहिलेले असतात. निम्मा काळा आणि निम्मा पांढरा मिसळला तर उत्तर ० आणि २५५ यांच्या मधले १२८ यावे असे वाटते. खऱ्या उजेडाच्या हिशेबाने ते १८८ च्या आसपास येते. डॉलर आणि रुपये यांची बेरीज दर न लावता केली तर जे होईल, तेच इथे होते: जोडणीच्या कडा काळवंडतात. आधी एका चलनात आणा, मग बेरीज करा.

एक चिठ्ठी, हजारो कारकून

इथवरचा हिशेब सोपा. अडचण आहे ती संख्येची. आजच्या साध्या चांगल्या व्हिडिओची एक चौकट १९२० पिक्सेल रुंद आणि १०८० उंच असते. गुणाकार करा: २०,७३,६०० पिक्सेल. सेकंदाला अशा ३० चौकटी धरल्या तर ६ कोटी २२ लाख ८ हजार. बटेचा जो हिशेब आपण वर केला तो दर सेकंदाला इतक्या वेळा, आणि तोही तिन्ही रंगांसाठी. एका चौकटीला मिळणारा वेळ सुमारे ३३ मिलिसेकंद, म्हणजे हजारावा भाग सेकंदाचे तेहतीस तुकडे. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

संगणकाचा नेहमीचा मेंदू, सीपीयू, हा हुशार मुख्य लेखापालासारखा असतो. कितीही गुंतागुंतीचे प्रकरण द्या, तो सोडवतो, पण त्याच्या टेबलावर एका वेळी मोजकीच कागदपत्रे मावतात. जीपीयू, म्हणजे चित्रांचे काम करणारी चिप, ही वेगळ्या रीतीची कचेरी आहे. तिथे हुशार लेखापाल नाही, साधे कारकून आहेत, पण ते हजारोंनी आहेत. प्रत्येकाच्या हातात एकच छोटी, सारखी चिठ्ठी. प्रत्येकाने एक पिक्सेल घ्यायचा, चिठ्ठीबरहुकूम हिशेब करायचा, उत्तर लिहायचे आणि पुढचा पिक्सेल उचलायचा. त्या चिठ्ठीचे नाव ‘शेडर’. मूळ अर्थ छटा देणारा. वस्तूवर उजेड कसा पडतो आणि तिला कुठली छटा येते हे ठरवण्यासाठी असे छोटे प्रोग्रॅम वापरण्याची कल्पना रॉबर्ट कुक यांनी १९८४ साली मांडली. चिठ्ठीचे काम आता छटांपुरते राहिलेले नाही, नाव मात्र टिकले.

पुतणीने मला हिरव्या पडद्याची चिठ्ठी दाखवली. लॅपटॉपवर जेमतेम आठ-दहा ओळी.

“एवढंच?” मी विचारले.

“एवढंच, काका. हुशारी चिठ्ठीत नसते, ती एकदम वाटण्यात असते.”

त्या ओळींचे मराठी असे: आपल्या पिक्सेलचे तीन आकडे वाच. हिरव्यातून, लाल आणि निळा यांतला जो मोठा असेल तो वजा कर. उत्तर जितके मोठे, तितका तू पडदा. तितका बाजूला हो आणि तेवढ्या जागेतून मागचे चित्र दिसू दे.

आम्ही आकडे घालून पाहिले. पडद्याचा पिक्सेल: लाल ४०, हिरवा २००, निळा ५०. फरक १५०. हा शंभर टक्के पडदा. गालाचा पिक्सेल: लाल २१०, हिरवा १६०, निळा १४०. फरक शून्याच्याही खाली. हा माणूस, याला हात लावायचा नाही. बटेचा पिक्सेल: लाल ३५, हिरवा ११०, निळा ४५. फरक ६५, म्हणजे १५० च्या सुमारे ४३ टक्के. तेवढा पडदा, उरलेला केस. व्ह्लाहोस यांनी फिल्मच्या काळात विचारलेला प्रश्न साठहून अधिक वर्षांनी चार ओळींत उतरलेला मी पाहिला. आणखी एक ओळ होती. पडद्यावरून परावर्तित झालेला हिरवा उजेड माणसाच्या गालावर, खांद्यावर पडतो आणि तो काविळीच्या रोग्यासारखा दिसतो. त्यावर उपाय: हिरव्या आकड्याला बाकीच्या दोघांच्या वर चढूच द्यायचे नाही. चढला की छाटायचा.

या कचेरीची शिस्त मोठी कडक. कारकुनाने शेजाऱ्याच्या वहीतली आजची नोंद वाचायची नाही. वाचायची तर कालची. म्हणजे जुन्या चित्रातून वाचायचे आणि नव्या चित्रात लिहायचे, अशा दोन वह्या. हा नियम मोडला तर कोणाचे काम आधी झाले त्यावर उत्तर अवलंबून राहील, आणि ज्या हिशेबाचे उत्तर कारकुनाच्या वेगावर ठरते तो हिशेब कसला? दुसरी शिस्त पावलांची. एनव्हिडिया कंपनीच्या चिपमध्ये ३२ जणांची एकेक तुकडी असते आणि ती कवायतीसारखी एकाच पावलाने चालते. चिठ्ठीत ‘अमुक असेल तर हे कर, नसेल तर ते कर’ असे लिहिले आणि तुकडीतले निम्मे एका वाटेने, निम्मे दुसऱ्या वाटेने गेले, तर एका गटाचे काम होईपर्यंत दुसरा नुसता उभा राहतो. म्हणून चांगली चिठ्ठी लिहिणारा ‘जर-तर’ टाळतो आणि गुणाकार-बेरजेत भागवतो.

चित्र धूसर करण्याचे उदाहरण घ्या. धूसर करणे म्हणजे प्रत्येक पिक्सेलने आजूबाजूच्यांची सरासरी घेणे, जवळच्यांना जास्त वजन, लांबच्यांना कमी. १५ बाय १५ चा परिसर धरला तर दर पिक्सेलमागे २२५ आकडे वाचावे लागतील. पण वजने नीट निवडली तर हेच काम दोन फेऱ्यांत होते. आधी फक्त आडव्या ओळीतल्या १५ जणांची सरासरी, मग त्या उत्तरांवर फक्त उभ्या ओळीतल्या १५ जणांची. २२५ ऐवजी ३०, आणि उत्तर तेच. वर्षअखेरीला तक्ते जुळवताना आम्ही आडव्या आणि उभ्या बेरजा मारायचो, त्याची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

ही कचेरी उभी राहिली ती मुलांच्या खेळांच्या पैशांवर, हे सांगायलाच हवे. १९९९ साली एनव्हिडियाने जीफोर्स २५६ हे कार्ड काढले आणि ‘जीपीयू’ हा शब्द रूढ केला. २००१ च्या जीफोर्स ३ पासून साध्या घरगुती संगणकाच्या कार्डालाही स्वतःची चिठ्ठी लिहून देता येऊ लागली. २००५ साली अ‍ॅपलने आपल्या संगणकांत छायाचित्रांवरचे संस्कार थेट जीपीयूवर करण्याची सोय दिली. २०११ पासून ‘वेबजीएल’मुळे ती सोय इंटरनेटच्या पानापर्यंत पोचली. घरोघरी ‘काय सारखा गेम खेळतोस’ म्हणून मुलांना रागावणाऱ्या आयांनी न कळत एका मोठ्या शोधाला भांडवल पुरवले.

पिवळी रेघ आणि धूसर घर

थेट प्रक्षेपणातल्या जोडणीचा एक गाजलेला नमुना २७ सप्टेंबर १९९८ चा आहे. त्या दिवशी अमेरिकेत फुटबॉलच्या सामन्याच्या प्रक्षेपणात मैदानावर एक पिवळी रेघ दिसली. संघाला कुठवर मजल मारायची आहे हे दाखवणारी. मैदानावर रेघ नव्हतीच. ती चित्रात घातली जात होती, पण खेळाडूंच्या अंगावरून न जाता त्यांच्या पायांखालून! गवताचे रंग आधी नोंदवून ठेवायचे, त्या रंगांच्याच पिक्सेलवर रेघ ओढायची आणि गणवेशाचा किंवा कातडीचा रंग आला की रेघ सोडून द्यायची. मैदान म्हणजेच हिरवा पडदा. त्या वेळी यासाठी ट्रकमध्ये बसवलेले संगणक लागत. आज त्याहून अवघड काम फोन करतो.

अवघड अशासाठी की २०२० च्या टाळेबंदीत आपण सगळे व्हिडिओ कॉलवर आलो ते हिरव्या पडद्याशिवाय. मागे कपड्यांची दोरी, गॅसवर शिट्ट्या मारणारा कुकर, मधूनच डोकावणारे आजोबा. तरी समोरच्याला दिसत होते धूसर घर, नाही तर माडांचा किनारा. इथे रंगावरून निवाडा करता येत नाही. म्हणून लाखो चित्रांवर शिकवलेले कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र आधी चौकटीचा छोटा नमुना पाहून ‘हा माणूस, ही खोली’ असा ढोबळ अंदाज बांधते. मग शेडर पुढे येतो. मूळ चित्रातल्या कडा पाहून तो त्या ढोबळ रेषेला केसांपर्यंत नेऊन बसवतो, मागचे चित्र धूसर करतो आणि दोन्ही जोडतो. पण आधी खोली धूसर केली आणि मग माणूस बसवला, तर माणसाचा रंग धूसर होताना बाहेर सांडलेला असतो आणि त्याच्याभोवती भुतासारखे वलय दिसते. त्यासाठी धूसर करतानाच माणसाच्या पिक्सेलचे वजन जवळजवळ शून्य धरायचे. शिवाय मागच्या चित्रातला थोडा उजेड माणसाच्या कडेवर आणून सोडायचा, कारण खिडकीपुढे उभ्या माणसाच्या खांद्याला उजेडाची किनार असतेच.

या सोयीने किती घरांची अब्रू राखली! एका खोलीच्या घरात राहणाऱ्या मुलीने नोकरीची मुलाखत त्याच खोलीतून दिली आणि समोरच्यांना तिची खोली दिसली नाही, याला मी लबाडी म्हणणार नाही. आपल्या घराचे दार किती उघडायचे हा तिचा हक्क आहे.

‘थेट’ या शब्दाचा भाव

पण तेच दार दुसऱ्या बाजूनेही उघडते. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानातल्या एका नामांकित वयोवृद्ध उद्योगपतींना व्हिडिओ कॉलवर चक्क सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी दाखवण्यात आली आणि त्यांच्याकडून ७ कोटी रुपये काढून घेण्यात आले. हाँगकाँगमध्ये एका ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत वरिष्ठांना पाहून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर वळते केले. बैठकीतले ‘वरिष्ठ’ बनावट होते. ते आधीच तयार करून ठेवलेले चित्रण होते असे तिथल्या पोलिसांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले. आपल्याकडच्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या प्रकरणांत कधी भाड्याच्या खोलीत पोलीस ठाण्याचा देखावाच उभारलेला असतो. दर वेळी शेडर लागतोच असे नाही. पण फसणाऱ्याची समजूत प्रत्येक ठिकाणी एकच: समोर हलते आहे, बोलते आहे, म्हणजे ते थेट आहे आणि थेट आहे म्हणजे खरे आहे.

ही समजूत आपल्या पिढीत खोल रुजलेली आहे आणि तिला कारणही होते. फिल्म प्रयोगशाळेत जाऊन येईपर्यंत दिवस लागत, तेव्हा थेट चित्रात जोडणी करायला वेळच नव्हता. वेळेचा अभाव हाच आपला जामीनदार होता. ३३ मिलिसेकंदांत सारा हिशेब पुरा करणाऱ्या कारकुनांनी तो जामीनदार काढून घेतला. ‘प्रभात’च्या प्रेक्षकाने तिकीट काढून करामतीला मान्यता दिली होती. व्हिडिओ कॉलवर घाबरून बसलेल्या निवृत्त मास्तरांकडे अशी मान्यता कोणी मागितलेलीच नसते.

मग चित्रावर विश्वास ठेवायचाच नाही का? असे करून चालणार नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या डिजिटल दाखल्याची सोय सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिला चेहरा ओळखण्याची जोड मिळाली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खुर्चीत बसवून बँकेत आणण्याची वेळ त्यामुळे टळली; ते दृश्य मी काउंटरच्या आतून अनेक वर्षे पाहिलेले आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओवरून ग्राहकाची ओळख पटवायला परवानगी दिली, ती मात्र अटी घालून. समोर बँकेचाच अधिकारी हवा. ग्राहक कुठे आहे त्या ठिकाणाची नोंद हवी. प्रश्नांचा क्रम आणि प्रकार बदलते ठेवायचे, म्हणजे आधी चित्रित केलेली फीत चालणार नाही. या अटी लिहिणाऱ्यांनी चित्राला साक्षीदार मानले आहे, पण त्याची उलटतपासणी घेतल्याशिवाय सोडलेले नाही.

बँकेचा जुना रिवाज तरी दुसरा काय होता? नमुना सहीच्या कार्डाशी सही तंतोतंत जुळली तरी मोठ्या रकमेचा चेक आम्ही तेवढ्यावर पास करत नसू. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची, आणि शंका आली तर ग्राहकाला आपल्याकडच्या नोंदीतल्या क्रमांकावर फोन लावायचा. समोरच्याने ‘या नंबरावर विचारून घ्या’ म्हणून दिलेल्या नंबरावर कधीच नाही. सही उत्तम नकलता येते हे गृहीत धरूनच ही व्यवस्था उभी होती.

आमच्या मासिक बैठकीत मी हाच रिवाज मांडला. व्हिडिओ कॉलवर कोणी पैसे मागितले, धमकी दिली, ‘फोन ठेवू नका, कोणाला सांगू नका’ म्हटले, तर फोन आधी ठेवायचा. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक अस्तित्वात नाही. मग आपल्या वहीतल्या क्रमांकावर स्वतः फोन लावायचा. फसवणूक झाली असेल तर लाज न धरता १९३० या क्रमांकावर लगेच कळवायचे. जितका उशीर, तितकी रक्कम लांब. केसांच्या कडा, बोटांच्या फटी, चष्म्याच्या काड्या यांच्यापाशी जोडणी अजून कधी कधी उघडी पडते, तिकडे नजर ठेवावी. पण तेवढ्यावर विसंबू नये. चिठ्ठ्या लिहिणारे रोज शिकत आहेत.

आणि घरच्यांसाठी एक नमुना सही ठरवून ठेवावी. चेहरा मुलाचा, आवाज मुलाचा, आणि मागणी तातडीच्या पैशांची, अशी वेळ आली तर विचारायचा एक शब्द. कुठे न लिहिलेला, कुठल्या फोटोत न दिसणारा. पुतणीला ही कल्पना सांगितली तर ती हसेल असे वाटले होते. ती म्हणाली, “काका, हा एकच रकाना आहे जो आमच्या चिठ्ठीला वाचता येत नाही.” आमच्या दोघांचा शब्द ठरला आहे. तो इथे छापणार नाही, हे चाणाक्ष वाचकांना सांगायला नकोच.